अनुमान आधी की तपासणी आधी

सकाळी ९

रात्री बिल्ड चालून गेलेलं असतं. आल्या आल्या त्याचा अहवाल उघडायचा, मेल नंतर, हा माझा क्रम. पुण्यातल्या एका लहान कंपनीत मी औषधांची ऑन्टोलॉजी सांभाळते: गोळ्या, सिरपं, इंजेक्शनं, त्यांतली द्रव्यं, द्रव्यांचे क्षार, स्ट्रेंग्थ, उत्पादक आणि या सगळ्यांची एकमेकांशी असलेली नाती. वापरणार एक रुग्णालय-समूह. लिहून दिलेलं औषध या पेशंटला चालेल का, दुकानात त्याला पर्याय कोणता, बंदी आलेलं एखादं मिश्रण यादीत राहून गेलंय का, असे प्रश्न त्यांना विचारायचे आहेत.

माझ्या वाट्याला यातल्या वर्गांसाठी दोन जातींची वाक्यं लिहिणं येतं. एक अनुमानाची: एवढं खरं असेल तर तेवढंही खरं. दुसरी बंधनाची: एवढं नसेल तर नोंद परत करा. वाचायला दोन्ही सारखीच वाटतात आणि तिथेच घोळ होतो. ‘प्रत्येक औषधात निदान एक घटक असतो’ हे वाक्य दोन्हीकडे लिहिता येतं. आऊल या अनुमानाच्या भाषेत लिहिलं आणि एखाद्या गोळीचा घटक भरायचा राहिला, तर रीझनर, म्हणजे या वाक्यांवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम, चकार शब्द काढत नाही. घटक आहेच, कोणता ते अजून कुणी सांगितलेलं नाही, असं धरून तो पुढे जातो. तेच शॅकल या बंधनांच्या भाषेत लिहिलं की ती गोळी शेरा मारून परत येते.

वेबच्या प्रमाणकांची संस्था डब्ल्यूथ्रीसी हिने आऊल २००४ साली शिफारस म्हणून जाहीर केलं, त्याची दुसरी आवृत्ती २००९ची. नोंदी तपासण्यासाठीच बेतलेलं शॅकल आलं २०१७च्या जुलैत. मधल्या तेरा वर्षांत कितीतरी लोक आऊलकडूनच पहारा करवून घ्यायला बघत होते. ज्यांना ते जमणार नाही हे लवकर कळलं, त्यांनी स्पार्कल या प्रश्नभाषेत क्वेऱ्या लिहून वेळ मारून नेली. आऊलकडून पहारा करवून घ्यायची सवय अजून गेलेली नाही. आजच्या अहवालातही तिचाच नमुना आहे.

साडेनऊ

प्रोटेजे या ऑन्टोलॉजीच्या संपादकात फाइल उघडली तर गोळ्याही लाल आणि सिरपंही लाल. लाल म्हणजे तो वर्ग रिकामाच राहू शकतो, त्यात कुणी मावणं तर्काने अशक्य. काल दुपारपर्यंत तर दोन्ही धडधाकट होते.

वर्गाशेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक केलं की रीझनर आपलं कारण मांडतो. प्रोटेजेतली मला सगळ्यात आवडणारी सोय हीच. कारण चार ओळींचं निघालं. स्ट्रेंग्थ या प्रॉपर्टीचं डोमेन (ती ज्याला लागते तो वर्ग) गोळी. स्ट्रेंग्थचं डोमेन द्रवऔषध. गोळी आणि द्रवऔषध एकमेकांपासून विभक्त. सिरपाला काहीतरी स्ट्रेंग्थ असते. झालं. ज्याला स्ट्रेंग्थ आहे ते गोळीही ठरतं आणि द्रवऔषधही, आणि दोन्ही असणं तर आपणच निषिद्ध करून ठेवलेलं.

काल आमच्या टीममध्ये डेटाबेसकडून आलेल्या एका मुलाने दुसरं डोमेन जोडलं होतं. त्याचा हेतू सरळ होता: हा रकाना गोळ्यांना चालतो, आता सिरपांनाही चालू दे. टेबलांच्या जगात यात काहीच गैर नाही. इथे मात्र दोन डोमेन लिहिली की त्यांची बेरीज होत नाही, छेद घेतला जातो. मुळात डोमेन हे बंधन नाहीच, ते अनुमान आहे. ‘स्ट्रेंग्थचं डोमेन औषध’ असं लिहून ठेवा आणि कुणीतरी चुकून पेशंटच्या नोंदीत स्ट्रेंग्थ भरू दे. रीझनर त्याला अडवणार नाही, पेशंटला औषध करून मोकळा होईल.

मँचेस्टर विद्यापीठातल्या मंडळींनी आऊल शिकवण्यासाठी पिझ्झ्याची ऑन्टोलॉजी तयार केली. ॲलन रेक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शिकवणीतल्या नेहमीच्या चुकांवर २००४ मध्ये निबंधही लिहिला. त्या पिझ्झ्याच्या फाइलीत आइस्क्रीमचा एक वर्ग मुद्दाम लाल होईल असा ठेवलेला आहे. टॉपिंगचं डोमेन पिझ्झा, पिझ्झा आणि आइस्क्रीम विभक्त, आणि आइस्क्रीमवर टॉपिंग! मी त्या मुलाला ती फाइल उघडून दिली आणि म्हटलं, ‘‘हे बघ, मग आपलं सिरप बघ.’’ पाच मिनिटांत तो आपणहून दोन्ही डोमेन काढायला बसला.

ज्या डोमेनमधून मला खरोखर काही निष्कर्ष काढायचा आहे तेवढंच मी ठेवते. बाकी ‘हा रकाना कुणाला चालतो’ हा सगळा मामला शॅकलकडे. मोठ्यांचीही रीत हीच आहे. स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या कोशात कुठलं नातं कोणत्या संकल्पनेला लागू होतं आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला काय चालतं, याचे नियम तर्काच्या वाक्यांत मिसळलेले नाहीत. ते वेगळ्या, यंत्राला वाचता येणाऱ्या तक्त्यांत आहेत.

अकरा

फार्मासिस्ट मॅडम आल्या. आठवड्यातले काही दिवस त्या आमच्याकडे बसतात, आणि त्या नसत्या तर ही ऑन्टोलॉजी निव्वळ तर्काची कसरत झाली असती. आजचा विषय त्यांचा: ‘‘अगं, मला ज्यात फक्त पॅरासिटामॉल आहे अशा औषधांची यादी काढून दे. मिश्रणं नकोत.’’

ऐकायला किती साधं. अवघड शब्द आहे ‘फक्त’.

एखाद्या नोंदीत लिहिलंय की या गोळीत पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम आहे. दुसरा घटक लिहिलेला नाही. मॅडमच्या मते गोळी एकघटक आहे, मीही मनात तेच म्हणते. रीझनर म्हणत नाही. दुसरा घटक नाही असं त्याला कुणी सांगितलेलं नाही, एवढंच त्याला दिसतं. रेल्वेच्या आरक्षण तक्त्यात तुमचं नाव नसेल तर तुम्हाला बर्थ नाही, टीसी वाद घालत नाही. आऊल हा तसा तक्ता नव्हे. त्याच्या हिशेबात न लिहिलेली गोष्ट खोटी नसते, ती फक्त माहीत नसते. वेबवर कुणाचीच माहिती पूर्ण नसते आणि उद्या दुसरीकडून आणखी येऊ शकते, म्हणून ही भूमिका मुद्दाम घेतलेली आहे. पेशंटच्या बाबतीत मला ती अगदी पटते. ॲलर्जीचा रकाना कोरा आहे याचा अर्थ ॲलर्जी नाही असा घेतला तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल. म्हणून तर स्नोमेडमध्ये ‘ज्ञात ॲलर्जी नाही’ ही स्वतंत्र संकल्पना आहे. विचारलं आणि नाही म्हणाले, याची ती नोंद.

पण गोळीच्या वेष्टनावर घटकांची यादी पूर्ण छापलेली असते. ती पूर्ण आहे हे रीझनरला सांगायचं कसं? पुस्तकी उत्तर असं: घटकआहे सम (निदान एक) पॅरासिटामॉल, आणि घटकआहे ओन्ली (फक्त) पॅरासिटामॉल. दोन्ही लागतात. नुसतं ‘ओन्ली’ लिहिलं तर ज्यात एकही घटक नाही अशी काल्पनिक गोळीसुद्धा त्यात बसते, कारण तिच्यात पॅरासिटामॉलखेरीज काही नाही हे खरंच आहे! पिझ्झ्यावाल्यांच्या नेहमीच्या चुकांमध्ये हीसुद्धा आहे.

आमची अडचण पुढची. द्रव्यांची उतरंड आम्ही स्नोमेडमधून घेतो. त्यात साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत. आऊल २ पूर्ण ताकदीने वापरलं तर इतक्या मोठ्या पसाऱ्यावर वर्गीकरणाला किती वेळ लागेल याचा भरवसा नाही. म्हणून ईएल नावाचं आखडतं रूप वापरायचं. त्यात वर्गीकरण बहुपदी वेळात होतं आणि एल्कसारखा रीझनर एवढी उतरंड काही सेकंदांत लावून देतो. या वेगाची किंमत म्हणजे ईएलमध्ये ‘ओन्ली’ नाही, नकार नाही, ‘किंवा’ नाही, आकड्यांची मर्यादा नाही. एल्कला ‘ओन्ली’चं वाक्य दिलं तर तो ते वगळतो आणि लॉगमध्ये इशारा टाकतो. तो इशारा कुणी वाचत नाही, ही आमच्या धंद्यातली जुनी गोष्ट.

स्नोमेडने यावर काढलेला तोडगा मला फार हुशारीचा वाटतो. ‘फक्त’ म्हणायची सोय नाही ना, मग घटक किती ते आकड्यात लिहा. औषधाच्या व्याख्येतच सक्रिय द्रव्यांच्या मूळ रूपांची संख्या द्यायची. पॅरासिटामॉल आहे आणि संख्या १ आहे, म्हणजे फक्त पॅरासिटामॉल. पॅरासिटामॉल आणि कॅफीन असेल तर संख्या २, आणि ते या वर्गात येत नाही. तर्कात वाढ काहीच नाही, ईएलच्या कुंपणाबाहेर पाऊलही नाही.

मॅडमनी इथे मला थांबवलं. ‘‘मूळ रूपांची म्हणजे? क्षार वेगळे मोजायचे नाहीत ना?’’ त्यांनी पर्समधून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिकची ६२५ची पट्टी काढली (असल्या पट्ट्या त्यांच्याकडे कायम असतात). तिच्यावर अमॉक्सिसिलिन ट्रायहायड्रेट लिहून, ते ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिनइतकं, असं छापलेलं असतं. तसंच पोटॅशियम क्लॅव्ह्युलॅनेट, १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडइतकं. नोंदणाऱ्याने ही रूपंही लिहिली आणि मूळ द्रव्यंही लिहिली तर आकडा ४ होईल. औषधशास्त्राप्रमाणे तो २ आहे.

आणि हा आकडा रीझनर मोजत नाही, हे त्यांना नीट समजावून सांगावं लागलं. तो माणूस लिहितो. संख्या १ लिहून खाली दोन घटक दिले तरी तर्काला त्यात विसंगती दिसत नाही. म्हणून आकडा आणि खरोखरची मोजणी जुळते का, हे बघायला वेगळं बंधन हवं. ते दुपारचं काम.

साडेबारा

मेल. एका वितरकाच्या यादीत ॲड्रेनलिन आणि एपिनेफ्रिन अशा दोन वेगळ्या नोंदी आल्या आहेत. द्रव्य एकच. पॅरासिटामॉल आणि ॲसिटामिनोफेन, सालब्युटामॉल आणि अल्ब्युटेरॉल, या जोड्यांचंही तसंच; दुसरं नाव बहुतेक अमेरिकी कागदांतून येतं. दोन नावं म्हणजे दोन वस्तू असं आऊल गृहीत धरत नाही, ते इथे उपयोगी पडतं. दोन्ही वर्ग समतुल्य आहेत असं एक वाक्य लिहिलं की पुढचं सगळं आपोआप जुळतं.

याच गुणाने मध्यंतरी पंचाईत केली होती. औषधाला उत्पादक एकच, म्हणून ती प्रॉपर्टी फंक्शनल आहे असं फाइलीत लिहिलेलं होतं. वितरकाकडून एका गोळीला दोन उत्पादक आले. एकच असायला हवा आणि दोन दिसताहेत, तर ती एकाच कंपनीची दोन नावं असणार, असा निष्कर्ष आमच्या ट्रिपल स्टोअरने (नोंदी साठवणाऱ्या डेटाबेसने) काढला. मग एका कंपनीची सगळी औषधं दुसरीच्या नावावर! तर्क म्हणून त्यात खोट काढता येत नाही. त्या दोन कंपन्या वेगळ्या आहेत हे त्याला कुणी सांगितलं होतं?

दीड

डबा. आज मेथीची भाजी, ज्वारीची भाकरी. डब्याच्या वेळी ऑन्टोलॉजीवर बोलायचं नाही असा मॅडमचा नियम आहे, आणि तो मोडणाऱ्याने चहा पाजायचा. तो मुलगा दुसऱ्याच घासाला हरला.

सव्वादोन

दिवसातला हा मोठा तुकडा, शॅकलचे शेप लिहिण्याचा.

शेप वाचायला सोपा असतो. लक्ष्य कोणता वर्ग, कोणत्या प्रॉपर्टीला किमान किती मूल्यं, कमाल किती, मूल्याचा प्रकार काय, आणि मोडलं तर कोणता संदेश दाखवायचा. दोन वेगळी नावं म्हणजे शॅकलला दोन वेगळ्या गोष्टी. उत्पादक कमाल १ असं लिहिलं आणि दोन आले की तो सरळ तक्रार करतो, कंपन्यांचं विलीनीकरण करत बसत नाही. समोरच्या फाइलीत जे आहे तेवढंच त्याचं जग. घटकसंख्या आणि मोजणी जुळवण्याचं बंधन मात्र साध्या किमान-कमालमध्ये बसत नाही, कारण एका प्रॉपर्टीच्या मूल्याची तुलना दुसरीच्या मोजणीशी करायची आहे आणि मोजताना क्षारापासून मूळ द्रव्यापर्यंत जायचं आहे. त्यासाठी शेपमध्ये स्पार्कलचा तुकडा घातला. चालला.

खरा वेळ गेला तो क्रमावर. आधी अनुमान चालवून मग तपासायचं, की आधी तपासून मग अनुमान?

वितरकाच्या यादीत एका ओळीत उत्पादकाच्या जागी शहराचं नाव होतं. ‘उत्पादक’ या प्रॉपर्टीची रेंज आमच्याकडे कंपनी आहे. रेंज म्हणजे डोमेनचीच बहीण, प्रॉपर्टीच्या दुसऱ्या टोकाची; तीही अडवत नाही, निष्कर्ष काढते. आधी अनुमान चालवलं तर त्या शहराला कंपनीचा शिक्का मिळतो. मग शॅकल विचारतो, उत्पादकाच्या जागी कंपनीच आहे ना? आहे की! तपासणी पास. चुकीच्या नोंदीनेच स्वतःचं प्रमाणपत्र तयार केलं आणि पहारेकऱ्याने ते तपासून आत सोडलं. अशी चूक पुढे कुठल्याही अहवालात दिसत नाही, कारण अहवाल हिरवा असतो.

म्हणजे तपासणी आधी, असं म्हणून सुटता आलं असतं तर बरं झालं असतं. पण आमचं एक बंधन असं आहे: ज्या औषधात पेनिसिलिन आहे त्याच्या नोंदीत ॲलर्जीची सूचना हवीच. वितरकाच्या यादीत ‘पेनिसिलिनयुक्त औषध’ असा शेरा कुणी लिहून पाठवत नाही. त्या ६२५च्या गोळीत अमॉक्सिसिलिन ट्रायहायड्रेट आहे, ते अमॉक्सिसिलिनचं रूप, अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिन, म्हणून गोळी पेनिसिलिनयुक्त, ही साखळी रीझनरच जोडतो. हाताने लिहायची म्हटली तर कुठेतरी एक कडी सुटणारच. हे बंधन अनुमानाआधी चालवलं तर लक्ष्य वर्गात एकही औषध सापडत नाही आणि तपासणी पुन्हा पास, या वेळी समोर कुणीच नव्हतं म्हणून.

तेव्हा दोन गाळण्या. पहिली कच्च्या नोंदीवर, अनुमानाचा हात लागायच्या आत: प्रकार, संख्या, एकक, उत्पादक एकच आणि तो कंपन्यांच्या आधीच्या यादीतला. मग रीझनर. मग दुसरी गाळणी, निष्कर्षांसकट. कुठलं बंधन कुठल्या गाळणीत जायचं हे शेप लिहितानाच ठरवावं लागतं, आणि आमच्या कामातल्या भांडणांचं बरंचसं मूळ या एका प्रश्नात आहे. पुस्तकं भाषांची व्याकरणं छान शिकवतात. हा क्रमाचा प्रश्न मात्र ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो.

चार

चहा (हरलेल्याकडून). त्या मुलाने सकाळच्या लाल सिरपांची भरपाई म्हणून स्वतःहून एक नियम लिहून आणला होता. पेशंटला ज्या द्रव्याची ॲलर्जी आहे ते द्रव्य ज्या औषधात आहे ते औषध पेशंटला वर्ज्य. आऊल २ मध्ये प्रॉपर्टींची साखळी जोडता येते, तशी त्याने जोडली होती: ॲलर्जीआहे, मग घटकआहे उलट्या दिशेने, त्यावरून वर्ज्य. वर्ज्य ही नवीन प्रॉपर्टी.

‘‘ताई, लिहिलंय बरोबर, पण एकही औषध वर्ज्य निघत नाही.’’

लिहिलं होतं बरोबरच. गोची अशी की आमच्याकडे द्रव्यं हे वर्ग आहेत. पेशंटबद्दल आपण म्हणतो, याला ‘काही एक पेनिसिलिन’ची ॲलर्जी आहे. गोळीबद्दल म्हणतो, हिच्यात ‘काही एक अमॉक्सिसिलिन’ आहे. ती दोन ‘काही एक’ म्हणजे एकच वस्तू, असं मानायला तर्काला काही कारण नाही. साखळीला मधली कडी एकच लागते, इथे त्या दोन आहेत. २००४च्या स्वर्ल या नियमभाषेत नियम लिहिला तरी हा पेच सुटत नाही. तिथेही रीझनर सहसा नाव दिलेल्या वस्तूंपुरतेच नियम चालवतात, ‘काही एक’ त्यांना दिसत नाही.

वर्ज्यतेचं काम मी क्वेरीवरच ठेवलं आहे: रीझनरने लावलेल्या उतरंडीत पेशंटच्या द्रव्याखाली येणारी सगळी द्रव्यं शोधा, ती ज्यांत आहेत ती औषधं दाखवा. कष्टाचं अनुमान रीझनरने आधीच केलेलं असतं, वरची जुळवणी क्वेरी करते.

आणि आणखी एक कारण आहे. लहानपणी अंगावर पुरळ आलं म्हणून पेनिसिलिनच्या ॲलर्जीचा शिक्का बसलेल्या कितीतरी जणांना चाचणीत काही निघत नाही. आऊलमध्ये एकदा निघालेला निष्कर्ष नवी माहिती भरून मागे घेता येत नाही. ‘वर्ज्य आहे, पण नंतरच्या चाचणीत ॲलर्जी नसल्याचं दिसलं असेल तर नाही’, हा ‘पण’ या तर्कात लिहिताच येत नाही. एफएचआयआर या रुग्णनोंदींच्या देवाणघेवाणीच्या प्रमाणकात ॲलर्जीच्या नोंदीत पडताळणीचा रकाना असतो: खात्री न झालेली, खात्री झालेली, खोडून काढलेली. क्वेरी तो रकाना बघू शकते.

त्याने मग विचारलं, सेफॅलोस्पोरिनही वर्ज्य करायची का? मॅडम लांबून म्हणाल्या, ‘‘नाही रे बाबा. तो निर्णय डॉक्टरांचा.’’ दोन्ही कुळं रचनेने जवळची आहेत, पण पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांपैकी फार थोड्यांनाच सेफॅलोस्पोरिनचा त्रास होतो. तिथे नुसती सूचना. शॅकलमध्ये उल्लंघन, इशारा आणि माहिती अशा तीन पायऱ्या आहेत. हे इशाऱ्याच्या पायरीवर.

सव्वापाच

रुग्णालयाकडचा कॉल. त्यांच्या आयटीप्रमुखांना बंदी घातलेल्या मिश्रणांचा नियम हवा आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या २६अ कलमाखाली केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी घातली, सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८, ऑगस्ट २०२४ मध्ये १५६. त्यांची कल्पना अशी की दोन द्रव्यांची नावं घालायची की नियम तयार.

मी २०२४च्या यादीतलं एक उदाहरण दिलं: ॲसिक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम अधिक पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅमची गोळी. याच दोन द्रव्यांची १००-३२५ची गोळी तर सर्रास लिहिली जाते. म्हणजे नियमात स्ट्रेंग्थ हवी. आणि गोळीला नुसत्या ५० आणि १२५ अशा दोन स्ट्रेंग्थ चिकटवून भागत नाही, कुठली कुणाची ते कळायला द्रव्य आणि स्ट्रेंग्थ यांची जोडी एका गाठीत बांधावी लागते. स्वरूपही हवं, बंदी गोळीवर आहे. घटकसंख्या २ हवी, कारण तिसरं द्रव्य आलं की ते कायद्याने वेगळं मिश्रण. एवढं झालं की व्याख्या पक्की होते आणि रीझनर अशी औषधं बरोबर त्या वर्गात टाकतो. उरली तारीख. २०२२च्या प्रिस्क्रिप्शनवर आज लाल शेरा मारणं चूक, आणि काळ ही गोष्ट आऊलला कळत नाही. वर्गीकरण रीझनरचं, तारीख तपासायची शॅकलने, असं ठरलं.

कॉलचा उरलेला अर्धा वेळ एकाच मुद्द्यावर गेला. दुकानातल्या स्क्रीनवर त्यांना ‘एकघटक’ असे दोनच रकाने हवे होते, होय आणि नाही. जुन्या नोंदींत घटकसंख्या भरलेली नाही, त्यांचं काय? ‘‘नाहीमध्ये टाका,’’ ते म्हणाले. मी म्हटलं, सर, ते ‘नाही’ नाहीये, आपल्याला माहीत नाहीये. ते म्हणाले, दुकानदाराला तिसरा रकाना दिला तर तो गोंधळेल. यावर मॅडमनी मध्ये पडून विचारलं, पॅरासिटामॉलची एकघटक गोळी मिश्रणांच्या यादीत दिसली तर गोंधळ कमी होईल का? जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग ते हसले आणि तिसरा रकाना मंजूर झाला.

पावणेसात

दोन्ही गाळण्यांसकट बिल्ड रांगेत लावलं. संदेश शेवटी मॅडमकडून तपासून घेतले. मी लिहिलेलं ‘घटकसंख्या विसंगत’ खोडून त्यांनी ‘वेष्टन बघून घटक पुन्हा मोजा, क्षार वेगळा धरू नका’ असं केलं, आणि ते अर्थातच चांगलं आहे. तिसऱ्या रकान्याला मी ‘अनिश्चित’ असं नाव दिलं होतं. त्यांनी ते काढून ‘फार्मासिस्टला विचारा’ असं घातलं. त्या समूहाच्या दुकानांतून येणारे हे सगळे फोन बहुधा त्यांच्याकडेच येणार, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. ‘‘येऊ देत,’’ त्या म्हणाल्या, ‘‘वेष्टन समोर ठेवून फोन करा एवढं मात्र खाली लिही.’’ ते लिहून मी बदल जतन केले.